राखाडी ठिपके

तुमच्या आईला किंवा वडिलांना सांभाळायला जी बाई रोज येते, ती आज खरोखर आली होती की नाही, हे तुम्ही कोणाला विचारता? आईला, की हातातल्या फोनला?

लगेच उत्तर देऊ नका. तुम्ही तो पडदा ज्या बाजूने बघता, त्याच्या उलट्या बाजूला मी बसते. आधी तिथून काय दिसतं ते सांगते.

परळला, जिथे एक मिल होती तिथे आता काचेची इमारत आहे आणि त्या इमारतीत आमच्या कंपनीचं ऑफिस आहे. कंपनी घरोघरी मावश्या पाठवते. म्हाताऱ्या माणसांना भरवायचं, अंघोळ घालायची, कूस बदलायची, औषधं द्यायची, अशी कामं. एका उन्हाळ्यात कंपनीने सगळ्या मावश्यांना फोन दिले. त्याआधी त्या घरातल्या वहीत सही करत. आता फोनवरच हजेरी लागते, फोन कुठे आहे यावरून, आणि तिचा ठिपका घरच्यांनाही त्यांच्या अ‍ॅपमध्ये दिसतो. हे सगळे फोन आणि ऑफिसातले सगळे कंप्युटर एका जागेवरून सांभाळायचे, हे माझं काम. कोणत्या फोनमध्ये कोणतं अ‍ॅप असेल, अपडेट कधी जाईल, पासवर्ड कधी बदलायला लागेल, हे मी खुर्चीत बसून ठरवते. म्हणजे वरून ठरून येतं आणि मी बटण दाबते. दाबलं की माझगावपासून शीवपर्यंत सगळ्या फोनांवर तीच गोष्ट घडते. कोणाला विचारलं जात नाही.

एक बटण आहे, त्याला वाइप म्हणतात. ते दाबलं की समोरचा फोन कोरा होतो. हे बटण खरं तर चोरीला गेलेल्या फोनसाठी आहे. पण आमच्याकडे माणसाला कामावरून काढायची तीच रीत पडली आहे. कोणी समोर बसवून सांगत नाही. मावशी सकाळी फोन उचलते, त्यात काही नसतं, आणि तिला कळतं. फोन बंद असला तरी हा हुकूम फुकट जात नाही. तो वाट बघत थांबतो. फोन सुरू झाला, रेंज मिळाली, की लागू होतो.

माझ्या पडद्यावर मुंबईचा नकाशा असतो. सुरू असलेला फोन म्हणजे हिरवा ठिपका, बंद पडलेला राखाडी. खोलीत मी एकटी असते. बाकीची टीम दुसऱ्या राज्यात, हेड ऑफिसला. त्यांचे आवाज मला माहीत आहेत, चेहरे नाहीत. दुपारी डबा उघडते तो नकाशासमोर. कोणाची बॅटरी दुपारीच उतरते, कोण रोज दादरला उतरून चालत जातं, कोणाचा फोन रात्रभर चार्जिंगला लागला नाही म्हणजे तिच्या घरी वीज गेली असणार, असले अंदाज बांधत जेवते. त्यातल्या एकाही बाईचा आवाज मी ऐकलेला नव्हता.

त्या नकाशावर माझाही एक ठिपका आहे. वडील गेले त्या पावसाळ्यानंतर मला एकदा ताप आला. घरी मी एकटीच पडून होते, फोन कधी बंद पडला कळलंही नाही. उठून ऑफिसला गेले तर मेलमध्ये सूचना येऊन पडली होती. अमुक फोन संपर्काबाहेर आहे, कृपया चौकशी करावी. फोन माझाच होता. सूचनाही माझ्याच नावाने आलेली, कारण असल्या सूचना मलाच येतात. मी बेपत्ता आहे हे फक्त मला कळवण्यात आलं होतं. मी चौकशी पूर्ण झाली असं लिहिलं आणि ती बंद केली.

वडिलांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे मी जे केलं ते त्यांच्यामुळे. ते तरुणपणी मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर वॉचमन झाले, आणि आयुष्यभर पत्रकं काढत राहिले. चाळीतल्या पाण्यावर, सफाई कामगारांच्या हातमोज्यांवर, बिल्डरने फसवलेल्या भाडेकरूंवर. मी वाचायला शिकले ती पिवळ्या आणि गुलाबी कागदावर. 'बंधू-भगिनींनो' हा मला लिहिता आलेला पहिला मोठा शब्द. डिसेंबरात दादरला चैत्यभूमीच्या रांगेत मी त्यांच्याबरोबर पत्रकं वाटत उभी राहायची. एकदा पाय दुखले म्हणून मी गठ्ठ्यातली पत्रकं लोकांच्या पिशव्यांत मागून हळूच सरकवायला लागले. त्यांनी पाहिलं आणि गठ्ठा काढून घेतला. म्हणाले, "हातात द्यायचं. देताना त्याला तुझं तोंड दिसलं पाहिजे. आणि नको असेल तर त्याला ते तुझ्यासमोर फेकता आलं पाहिजे. नाहीतर ते पत्रक नाही, जबरदस्ती आहे."

आता त्या दिवसाकडे येते. दसऱ्याचा आदला दिवस होता. सकाळी मी पडदा सुरू केला आणि बघतच राहिले. लालबाग, काळाचौकी, परळ, माझगाव, सगळीकडे राखाडी. दादरच्या पलीकडे मात्र नेहमीसारखं हिरवं. मागून आमचे मॅनेजर आले. गिरगावातलं जुनं घराणं, बोलणं मऊ, शर्टाला कायम इस्त्री.

"हे काय आहे?"

"फोन बंद आहेत, सर."

"एवढे? एकाच सकाळी?"

"नेटवर्क गेलं असेल."

"नेटवर्क काय एरिया बघून जातं? अगं, हा संप आहे. सणाच्या तोंडावरच करतात हे." मग त्याच मऊ आवाजात, "तुमच्याच भागातल्या ना या सगळ्या? तुझ्या कानावर काहीच आलं नाही?"

तुमच्याच. हा शब्द मी गिळला. मला अशा शब्दांची सवय आहे, पण सवय असली म्हणून चव बदलत नाही.

"पहिला फोन कोणाचा बंद झाला ते काढ," ते म्हणाले.

काढलं. लालबागची एक मावशी, पहाटेच बंद केलेला फोन. तिची ड्युटी प्रभादेवीला, अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांकडे. नाव काढेपर्यंत त्याच घरची तक्रारही आली. आजोबांचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याने तिथून अ‍ॅपमध्ये राखाडी ठिपका पाहिला आणि लिहिलं, वडिलांकडे आज कोणीही फिरकलेलं नाही, हे अक्षम्य आहे.

"बघ," सर म्हणाले. "हीच पुढारी. हिला वाइप लाव. बाकीच्यांना नुसता लॉक."

"सर, आधी खात्री करून घेते."

"कसली खात्री? समोर दिसतंय की."

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"ऑफिस सुटेपर्यंत. मग मी हेड ऑफिसला सांगेन, ते तिकडून लावतील."

मी पर्स उचलून निघाले. तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते लपवत नाही. मला आनंद झाला होता! वाटत होतं, उठल्या एकदाच्या. ज्यांचे फक्त ठिपके बघत मी डबा खाल्ला, त्यांनी कोणालाही न सांगता एकाच सकाळी फोन बंद केले. रस्ता ओलांडता ओलांडता मी पत्रक रचत होते. 'बंधू-भगिनींनो' नको, नुसतंच 'भगिनींनो'. आमच्यावर पाळत ठेवणाऱ्यांनो, आज आम्ही डोळे मिटले नाहीत, तुमचे मिटवले. हे वाक्य मला फार आवडलं. मी ते पुन्हा पुन्हा म्हणत चालत होते, आणि ते ऐकवायला कोणी नव्हतं, नेहमीप्रमाणे.

लालबागला मसाल्याच्या गल्लीत शिरले. एरवी तिथे मिरच्या कुटणाऱ्या यंत्रांचा, डंखांचा, इतका आवाज असतो की ओरडून बोलावं लागतं, आणि नाकाला पदर लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या दिवशी गल्ली शांत होती. प्रत्येक डंखाला झेंडूचा हार. टॅक्सींच्या बोनेटवर हळदीकुंकवाची बोटं. गॅरेजच्या पायरीवर पाने आणि पक्कड धुऊनपुसून मांडून ठेवलेली, त्यांच्यावर फुलं. हे सगळं मी पाहिलं आणि पुढे गेले. आमच्या घरी खंडेनवमी नसते. आमच्याकडे तो दिवस दुसऱ्या दिवसाच्या तयारीचा, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी नेसायची पांढरी साडी इस्त्री करायचा. माझ्या डोक्यात माझा संप होता.

मावशीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर सुनेने दार उघडलं. हात पिठाचे.

"मी कंपनीतून आलेय. मावशी आहेत?"

"त्या कामावर गेल्या ना."

"कामावर? पण त्यांचा फोन..."

"फोन घरीच आहे."

"फोन घरी आहे आणि त्या कामावर?"

ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मी कुठल्या तरी परक्या गावाहून आलेय. "फोन घरी आहे म्हणून त्या का घरी बसतील, ताई?"

मग तिने बाजूला होऊन दाखवलं. भिंतीतल्या देव्हाऱ्याखाली पाट. पाटावर विळी, पाटा-वरवंटा नाही म्हणून मिक्सरचं भांडं, मुलाचा स्क्रू-ड्रायव्हर, नातवाची कंपासपेटी, रक्तदाब मोजायचं यंत्र. आणि या सगळ्यांच्या मधोमध, पडद्यावर कुंकवाचं बोट आणि वर झेंडूचं फूल घेऊन, आमच्या कंपनीचा फोन. बंद केलेला.

"हत्याराची पूजा," सून म्हणाली. मग जरा चाचरत, "तुमच्यात नसेल ना हे?"

"नसतं."

"पूजेला लावलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं नसतं. आमच्या सासूबाईंचं फार कडक. त्यांनीच काल नळावर सगळ्या बायकांना सांगितलं, फोन पण लावा म्हणून. मग तोंडोतोंडी पार माझगावपर्यंत गेलं."

मी जिन्यात येऊन थांबले. हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझं ते आवडतं वाक्य माझ्याच तोंडात कडू झालं. सरांना त्या ठिपक्यांत बंड दिसलं आणि मलाही बंडच दिसलं. त्यांना भीती वाटली, मला आनंद झाला, एवढाच फरक. बायका कशा आहेत हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. आणि आठवलं, त्याच सकाळी आमच्या ऑफिसात सर्व्हरच्या खोलीच्या दाराला तोरण होतं. सरांनी स्वतः प्रिंटरला कुंकू लावलं होतं, मशीन मात्र सुरूच ठेवली होती. मावश्यांनाही हत्यार असू शकतं, हे त्यांच्या मनात आलंच नाही. त्यांच्या हिशेबी फोन कंपनीचा होता.

पण वाइपचा तो हुकूम वाट बघायला बसला, तर दसऱ्याच्या सकाळी ही बाई फूल बाजूला करील, फोन उचलील, आणि तिचं काम गेलेलं असेल. मी प्रभादेवीला चालत निघाले.

आजोबांचं घर जुन्या गल्लीत, तळमजल्यावर. दार उघडंच होतं. मावशी पलंगाशेजारी स्टुलावर बसून आजोबांची दाढी करत होती. अर्धा गाल फेसात.

"कोण गो तू?" वस्तरा थांबवून तिने विचारलं.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तिच्या ठिपक्याचा सगळा प्रवास मला पाठ होता आणि ती मला ओळखत नव्हती. मी कोण ते सांगितलं. सकाळपासून काय झालं तेही सांगितलं.

"संप?" ती म्हणाली. "आमचा? अगो बाय, संप केला असता तर मी हितं ह्यांचे गाल खरवडीत कशाला बसले असते?"

"काय म्हणतेय ती?" आजोबांना कमी ऐकू येतं.

"म्हणतेय, मी आज आलेच नाय!" मावशी त्यांच्या कानात ओरडली.

"मग दाढी काय भुताने केली?"

"अर्धी झालीय अजून. हलू नका, नायतर भूत कान कापील."

मी मावशीला विचारलं, "फोन बंद केला की हजेरी लागत नाही, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं का कोणी?"

"सांगितलं असेल. पण हजेरी म्हणजे काय गो? मी आले, हे यांना दिसतंय, शेजारणीला दिसतंय, देवाला दिसतंय. अजून कोणाला दिसायला पायजे?" तिने वस्तरा वाटीत बुडवला. "माझा सासरा मिलमध्ये होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खात्यात साच्यांची, म्हणजे मागांची, पूजा व्हायची. पूजा झाली की त्या दिवशी साच्याला हात लावायचा नाय. तो म्हणायचा, साचा पण दमतो. हा फोन तर रात्री पण झोपत नाय. मी म्हटलं, एक दिवस पडू दे बिचाऱ्याला."

"तुमचं काम जाईल, मावशी. आज संध्याकाळी."

तिने वस्तऱ्यावरचा फेस फडक्याला पुसला. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "यांना दुसरी बाई चालत नाय. रडतात. मागे मी आजारी होते तेव्हा जेवले नव्हते." स्वतःबद्दल ती काही बोलली नाही. पण उरलेला गाल तिने फार सावकाश करायला घेतला, आणि आजोबा खरंच अजिबात हलले नाहीत.

मी आजोबांना कानात सगळं सांगितलं. मुलाने तक्रार केली, हेही.

"त्याने मला फोन का नाही केला?" ते म्हणाले. "फोन आहे घरात. तो बघ, तारेचा. कोणाला लावायचा ते सांग."

मी नंबर फिरवून दिला. मावशीने रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला, फेस लागू नये म्हणून जरा लांब.

"हॅलो. मी पेशंट बोलतोय," आजोबा म्हणाले. पलीकडून सर काहीतरी समजावत असावेत, सिस्टिम हा शब्द मला ऐकू आला. "तुमच्या सिस्टिमला सांगा, मी अजून जिवंत आहे. ती आली. दूध दिलं, आंघोळ झाली, दाढी चालू आहे. तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला कोणी विचारतच नाही." शेवटचं वाक्य त्यांनी सरांना उद्देशून म्हटलं नसावं.

वाइप लागला नाही. मी परत आले तेव्हा सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठीक आहे. तिला राहू दे. पण हे पुन्हा नको. फोन बंद करायची सोयच काढून टाक सगळ्यांची."

अशी सोय आहे. एक पॉलिसी, म्हणजे सगळ्या फोनांना एकच नियम, पाठवायचा, की बटण कितीही वेळ दाबलं तरी फोन बंद होत नाही.

"मी नाही करणार," मी म्हणाले.

"का?"

"सर, आलेल्या बाईला गैरहजर ठरवलं ते आपण. त्याची शिक्षा तिला कशाला?"

ते रागावले नाहीत. मान हलवून निघून गेले. दिवाळीच्या आधीच हेड ऑफिसने ती पॉलिसी पाठवली. आता तो फोन झोपत नाही. तेव्हापासून सर माझ्या खोलीत येत नाहीत, लागेल ते मेलवर सांगतात. मी अजून तिथेच बसते, अजून डबा नकाशासमोरच खाते. सगळं हिरवं असतं. त्या हिरव्याकडे बघून मला काहीच कळत नाही, हे आता मला कळतं.

एका संध्याकाळी मी सगळ्या फोनांवर पाठवायचा एक मजकूर लिहिला होता. बटण दाबलं असतं तर एकाच क्षणी प्रत्येक मावशीच्या पडद्यावर माझे शब्द आले असते, आणि 'वाचले' असं दाबल्याशिवाय हटले नसते. वडिलांना आयुष्यभर असा वाचक मिळाला नाही. माझं बोट बटणावर होतं. मग चैत्यभूमीच्या रांगेतला तो गठ्ठा आठवला. मी मजकूर पुसून टाकला.

त्याऐवजी लालबागच्या एका छोट्या छापखान्यात जाऊन पिवळ्या कागदावर पत्रक छापून घेतलं. मावश्यांसाठी नाही. त्यांना काय सांगायचं? त्या तर येतातच. पत्रक तुमच्यासाठी होतं, ज्यांच्या घरी त्या येतात. प्रभादेवीच्या आणि दादरच्या इमारतींच्या फाटकांवर मी रविवारी उभी राहिले, एकटीच. वॉचमनने दोनदा हटकलं. एका बाईंनी पत्रकात झेंडूची फुलं गुंडाळून नेली. एका गृहस्थांनी वाचून, माझ्याकडे बघत, ते माझ्यासमोर फेकलं. मी उचलून घेतलं. वाईट वाटलं, पण त्यांना ते फेकता आलं.

ज्यांच्या हातात ते पत्रक पडलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. मागणी तीच आहे.

आज घरी गेलात, किंवा दूर असाल तर घरी फोन लागला, की तो ठिपका बघू नका. आई-वडिलांना तिचं नाव घेऊन विचारा, ती आज आली होती का, काय केलं, काय बोलली. त्यांना सांगायला वेळ लागेल; लागू द्या. मग ज्या कंपनीने तिला पाठवलं तिथे फोन करा आणि स्वतःच्या तोंडाने सांगा, ती आली होती, मी घरच्यांना विचारलं आहे, आणि यापुढे हजेरीला त्यांचा शब्द धरा. पलीकडचा माणूस म्हणेल, सिस्टिममध्ये तशी सोय नाही. फोन ठेवू नका. त्याला सांगा, मग सोय करा.